केळ्याला बी का नसतं, बॉस?

प्रश्न तसा बालवाडीतला आहे. पण एकदा डोक्यात शिरला की निघत नाही. आंब्यात कोय असते. सीताफळात गर कमी आणि बियाच जास्त असतात. पेरूची बी दाढेत अडकली की अख्खी मीटिंग जीभ तिच्याशीच खेळत बसते. मग केळ्याचंच काय वेगळं? सोललं, चार घासांत संपवलं, साल डस्टबिनमध्ये. थुंकायची भानगड नाही, चमचा नको, टिश्यू पेपरही नको. ब्रेकफास्टला दांडी मारून पंचिंग मशिन गाठणाऱ्या पब्लिकसाठी याहून सही फास्टफूड देवानंसुद्धा बनवलं नसेल.

आणि खरं सांगायचं तर, देवानं ते बनवलेलं नाहीच!

जरा विचार करा. झाड फळ कशासाठी बनवतं? आपल्या शिकरणीसाठी नक्कीच नाही. फळ म्हणजे झाडाची कुरिअर सर्व्हिस. आतलं बी हे पार्सल आणि गोड गर ही डिलिव्हरी बॉयला दिलेली टिप. माकडानं, पाखरानं, वटवाघळानं फळ खावं आणि बी लांब कुठेतरी टाकावं, एवढाच सगळा डाव. या हिशेबानं केळं म्हणजे चकाचक पॅकिंगचा रिकामा खोका. टिप आहे, पार्सलच नाही.

अगदीच नाही असंही नाही म्हणा. पुढचं केळं खाताना आडवं कापून बघा. मधोमध बारीक काळपट ठिपके दिसतील. ते म्हणजे कधीच न झालेल्या बिया. त्या का झाल्या नाहीत, याची स्टोरी न्यू गिनीच्या दलदलीत सुरू होते आणि थेट आपल्या रावेर-यावलच्या बागांत येऊन पोचते. आणि मंडळी, ती नुसती गंमत नाही. खान्देशातल्या कितीतरी घरांचा हप्ता, पोरांची पुण्यातली कॉलेजची फी आणि दारातली बाइक याच न झालेल्या बियांवर उभी आहे.

झाड नव्हे, गुंडाळी!

आधी एक गैरसमज दूर करू. केळीचं झाड हे झाडच नाही. त्यात लाकूड नावाला नसतं. आपण ज्याला खोड म्हणतो, ते पानांच्या देठांचे तळ एकावर एक घट्ट गुंडाळून झालेलं असतं. कांद्याचे पापुद्रे असतात ना, तसंच, फक्त उंच. खरं खोड जमिनीखाली, कंदाच्या रूपात. वेळ झाली की त्या कंदातून फुलाचा दांडा या गुंडाळीच्या मधून वर चढतो आणि शेंड्यातून बाहेर पडतो. आपल्याकडे शेतकरी याला ‘निसवण’ म्हणतात. मग केळफूल खाली वाकतं, त्याचा एकेक जांभळा पदर उघडतो आणि आतून फण्या दिसू लागतात. फण्या आधी जमिनीकडे बघत असतात. वाढता वाढता गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेनं मान वर उचलतात. केळं वाकडं का असतं, याचं उत्तर एवढंच.

एका खांबाला आयुष्यात एकदाच घड लागतो. घड उतरला की त्या खांबाचं काम संपलं. पण तोवर त्याच कंदातून बाजूला कोंब फुटलेले असतात. त्यांना मुनवे म्हणतात, आणि त्यांच्यावर पुढचं पीक घेतलं की तो झाला पिलबाग. आता एक मजा बघा. लग्नाच्या मांडवाला, सत्यनारायणाच्या चौरंगाला आपण केळीचे खांब बांधतो. कशासाठी? तर वंश वाढावा म्हणून. आणि ज्या झाडाला आपण वंशवृद्धीचं प्रतीक केलंय, त्याला बीच धरत नाही! अर्थात आपल्या आज्यांना याचं काही वाटलं नसतं. त्यांनी केळीच्या पायाशी दाटलेली पिलं बघितली होती. बी नसतानाही वंश वाढतो, फक्त जरा वेगळ्या पद्धतीनं. पुढचा सगळा घोळ या ‘वेगळ्या पद्धती’तच आहे.

तीन तिगाडा

आता थोडी बायॉलॉजी. घाबरू नका, बारावीची नाही.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रं असतात. बहुतेकांची ती जोडीनं असतात, एक सेट आईकडून आणि एक बापाकडून. माणसाच्या २३ जोड्या, जंगली केळीच्या ११. बी तयार होताना या जोड्या फुटतात आणि प्रत्येक बाजूला अर्धा-अर्धा माल जातो. वाटणी सरळ असते, त्यामुळे भांडण नाही.

पण आपल्या बाजारातल्या केळीत ११ जोड्या नाहीत, ११ तिकड्या आहेत. दोन सेटऐवजी तीन, एकूण ३३ गुणसूत्रं. नवरात्रात दांडियाच्या ग्राउंडवर जोड्या लावायच्यात आणि प्रत्येक ग्रुपमध्ये तिघं आलेत, अशी कल्पना करा. प्रत्येक ग्रुपमधला एक जण हातात टिपऱ्या घेऊन नुसता उभा. पेशीचंही तसंच होतं. वाटणी जमत नाही आणि बी घडता घडता राहून जातं. ठिपका उरतो.

मग फळ तरी कसं धरतं? तर केळीकडे दुसरी एक जादू आहे. परागीकरण झालं नाही तरी ती फळ भरते. बी नसताना फळ, हा निसर्गात आतबट्ट्याचाच धंदा. जंगलात असं झाड फार काळ टिकलं नसतं. ते टिकलं, कारण माणसाला ते आवडलं.

जंगली केळं माणसाला खाण्यासारखं नव्हतंच. त्यात मिऱ्यांसारख्या टणक बियाच बिया. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात कड्यांवर रानकेळ उगवते. ट्रेकला जाणाऱ्यांनी ती नक्की बघितली असेल. ती खाण्याच्या केळीची नात्यातली. तिचं फळ उघडलं की गर शोधावा लागतो, बिया मात्र खच्चून. न्यू गिनी बेटावरच्या कुक नावाच्या दलदलीत सुमारे सात हजार वर्षांपूर्वी केळीची लागवड होत असल्याच्या खुणा शास्त्रज्ञांना सापडल्या आहेत. त्या भागातल्या आणि आग्नेय आशियातल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच काम केलं. कमी बियांचं, जास्त गराचं झाड दिसलं की त्याचा मुनवा खणून घराजवळ लावायचा. माणसं बेटांवरून फिरली, मुनवे त्यांच्यासोबत फिरले, वेगवेगळ्या जातींचे संकर झाले आणि त्यात कुठेतरी ही तीन सेटवाली केळी जन्माला आली. केळं मुळात माणसांनी जपलेला एक अपघात आहे.

अख्ख्या पट्ट्याची एकच केळी

आता पुढची पायरी. बी नाही, म्हणजे नवीन झाड लावायचं तर मुनवा लावा किंवा कंद. आणि मुनव्यातून येणारं झाड हे आईचं लेकरू नसतं, आईची झेरॉक्स असते. क्लोन! ‘डॉली’ मेंढीचा क्लोन १९९६ साली जन्मला तेव्हा जगभर केवढा गाजावाजा झाला. केळीवाला शेतकरी हजारो वर्षं गुपचूप तेच करत आलाय.

जळगाव जिल्ह्यात चाळीस हजार हेक्टरांहून जास्त जमिनीवर केळी आहे. रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा हा तिचा बालेकिल्ला, आणि पुढे धुळे जिल्ह्यात शिरपूरकडेही बागा आहेत. जून-जुलैत लावली तर मृगबाग, दिवाळीच्या आसपास लावली तर कांदेबाग. पूर्वी इथे राज्य होतं बसराई केळीचं. मग श्रीमंती आली, महालक्ष्मी आली. नव्वदच्या दशकापासून ग्रँड नैन आली आणि तिनं मार्केट खाऊन टाकलं. यातली बसराई आणि ग्रँड नैन या दोन्ही एकाच खानदानातल्या आहेत. खानदानाचं नाव कॅव्हेंडिश.

हे कॅव्हेंडिश कोण? तर इंग्लंडमधले एक उमराव, डेव्हनशरचे सहावे ड्यूक. त्यांच्या चॅट्सवर्थच्या बंगल्यातल्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्यानं मॉरिशसहून आलेलं केळीचं रोप वाढवलं. १८३५ मध्ये त्याला फुलोरा आला, बक्षीस मिळालं आणि मालकाचं नाव केळीला चिकटलं. रोप आशियातलं, घाम माळ्याचा, नाव साहेबाचं. ऑफिसात काम करणाऱ्यांना हा प्रकार नवीन नसावा!

ग्रँड नैनसोबत आलं टिश्यू कल्चर. चांगल्या झाडाच्या कंदाचा कोवळा शेंडा काढायचा आणि बाटलीत साखर, क्षार आणि संप्रेरकं घातलेल्या जेलीवर तो ठेवायचा. एका शेंड्याचे अनेक कोंब होतात. त्यांचे तुकडे पुन्हा बाटल्यांत, असं करत करत हजारो रोपं तयार होतात. मग ती ग्रीनहाउसमध्ये बाहेरच्या हवेला सरावली की शेतात. जळगावच्या जैन इरिगेशननं ही रोपं आणि ठिबक हे जोडीनं शेतकऱ्यांपर्यंत नेलं आणि इथल्या बागांचं गणितच बदललं. मुनव्यावर लावलेली बाग पुढेमागे निसवायची, दीड वर्ष चालायची. टिश्यू कल्चरची बाग साधारण वर्षभरात एकदम कापणीला येते. सगळे खांब एका उंचीचे, घडही सारखेच. शाळेची प्रार्थना चालू आहे असं वाटावं!

या सारखेपणातच पैसा आहे. रेल्वेच्या डब्यात किंवा ट्रकमध्ये हिरवीगार केळी भरून दिल्लीला पाठवायची, तर सगळा माल एका वेळी तयार हवा आणि एकाच वेगानं पिकायला हवा. अर्धी पिवळी आणि अर्धी हिरवी असली तर व्यापारी उभा करत नाही. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय मिळालं, आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडी गावातली अशी मानांकनवाली केळी दुबईला रवाना झाली. पण गंमत बघा. रावेरची ग्रँड नैन आणि लॅटिन अमेरिकेतली ग्रँड नैन या जवळजवळ जुळ्या बहिणी. मग जळगावचं वेगळं काय? तापीकाठची काळी माती, इथलं पाणी, इथलं ऊन आणि तिला जपणारे हात. झेरॉक्स तीच, फक्त कागद वेगळा.

छोटासा ब्रेक: फ्रीज, फणी आणि वेफर्स

सगळी केळी एकाच वेगानं पिकतात म्हटलं, तर मुळात ती पिकतात कशी? त्या निमित्तानं घराघरांतल्या तीन प्रश्नांची उत्तरं.

एक, एक केळं पिकलं की अख्खी फणी का पिकते? कारण पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडतं, आणि तो वायू शेजारच्या केळ्याला सांगतो, ‘चल, तूही पिक.’ मग तेही इथिलीन सोडतं. एसएमएस फॉरवर्ड होतो तसंच! १९०१ साली नेल्यूबॉव नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला दिसलं, की दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनमुळे वाटाण्याची रोपं तिरकी वाढतायत. फळं स्वतःच हा वायू बनवतात, हे १९३४ मध्ये सिद्ध झालं. आपल्याकडे बंद खोलीत धुरी देऊन केळी पिकवायचे, तेव्हा कुणाला हे नाव माहीत नव्हतं. पण धुरात इथिलीन होतंच. आता त्याची जागा रायपनिंग चेंबरनं घेतलीय. तिथे तापमान सांभाळून मोजकं इथिलीन सोडतात आणि त्याला कायद्याची परवानगी आहे. कॅल्शियम कार्बाइडवर मात्र बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असू शकते.

दोन, फ्रीजमध्ये केळं काळं का पडतं? केळी उष्ण प्रदेशातली. साधारण १३ अंशांच्या खाली तिच्या सालीतल्या पेशींची आवरणं फाटतात. आतली रसायनं एकमेकांत मिसळतात, हवा लागते आणि साल काळी पडते. पिकलेल्या केळ्याचा गर आतून बहुतेक ठीक असतो, बिनधास्त खा. हिरवं केळं मात्र फ्रीजमध्ये टाकू नका, ते नंतर धड पिकतही नाही. आता कल्पना करा, हाच फ्रीज उघड्या शेतावर आला तर? धुळ्याचा पारा हिवाळ्यात ५-६ अंशांपर्यंत उतरतो. अशा रात्री बागेची वाढ थांबते, निसवण अडखळते आणि पानांवर करपा बळावतो. म्हणून थंडीच्या लाटेत शेतकरी रात्री बागेला पाणी देतात, बांधावर धूर करतात. आपण रजई ओढून झोपतो तेव्हा तिकडे केळीलाही पांघरूण घालायचं काम चालू असतं.

तीन, वेफर्स कच्च्या केळ्यांचेच का? हिरव्या केळ्याच्या गराचा सुमारे पाचवा हिस्सा स्टार्च असतो. पिकताना तोच स्टार्च साखरेत बदलतो. स्टार्च तळला की कुरकुरीत होतो. पिकलं केळं कढईत टाका, साखर आधी करपेल आणि आत लगदा राहील. सावदा-फैजपूरकडे रस्त्याच्या कडेला गरमागरम वेफर्स उतरत असतात, तिथे एकदा थांबून बघा. कढईशेजारी एकही पिवळं केळं दिसणार नाही.

ब्रेक संपला. आता जरा सीरियस.

मोठ्या मिशेलचा खेळ खल्लास

सगळी झाडं सारखी, म्हणजे सगळ्यांची ताकद सारखी. आणि कमजोरीही सारखीच. ऑफिसातल्या सगळ्या कम्प्युटरना एकच पासवर्ड ठेवल्यासारखं. एकाचा फुटला की सगळ्यांचा फुटला.

हे नुसतं बोलायला नाही, आधी घडून गेलंय. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिका-युरोपच्या बाजारात कॅव्हेंडिश नव्हतीच. तिथे ‘ग्रो मिशेल’ म्हणजे ‘मोठा मिशेल’ नावाच्या केळीचा दबदबा होता. जाड सालीची, प्रवासाला दणकट, चवीला जास्त गोड. मध्य अमेरिकेत मैलोन्‌मैल तिचेच बगीचे, सगळे एकमेकांचे क्लोन. मग मातीतली फ्युझेरियम बुरशी आली. ती मुळांतून आत शिरते, पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबवते आणि भर पाण्यात उभी बाग वाळून जाते. पनामात तिनं धुमाकूळ घातला म्हणून नाव पडलं पनामा रोग. आपल्याकडे त्याला पनामा मर म्हणतात. कंपन्या जंगलं तोडून नव्या जमिनीवर गेल्या, बुरशी मागोमाग आली. १९६० च्या दशकापर्यंत मोठा मिशेल जागतिक बाजारातून जवळजवळ बाहेर फेकला गेला. त्याच्या जागी आली कॅव्हेंडिश, कारण तिच्यावर त्या बुरशीचं काही चालत नव्हतं.

पीक एकच आणि त्याचं वाणही एकच असलं की काय होतं, हे आयर्लंडनं त्याहून शंभर वर्षं आधी भोगलं होतं. १८४५ मध्ये तिथल्या बटाट्यावर करपा पडला. बरीच गरीब जनता ‘लंपर’ नावाच्या एकाच वाणावर जगत होती. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं दगावली.

आता बुरशीची नवी आवृत्ती आलीय, ट्रॉपिकल रेस फोर, शॉर्टमध्ये टीआरफोर. हिला कॅव्हेंडिशही चालते. आशियात पसरत ती २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या टली खोऱ्यात आणि २०१९ मध्ये कोलंबियात पोचली. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशातल्या केळी पट्ट्यांत ती सापडली आहे. ती मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसते. फवारून मारता येईल असं बुरशीनाशक नाही. रोगट मुनवा, पुराचं पाणी, कुदळीला चिकटलेली माती, फार काय बुटाचा तळवाही तिला पुरतो. जगात पिकणाऱ्या केळ्यांपैकी जवळजवळ निम्मी केळी कॅव्हेंडिश आहेत, हे लक्षात घेतलं की धोक्याचा आकार कळतो.

बागेत साथ शिरली की काय होतं, याचा ट्रेलर आपल्या पट्ट्यानं वेगळ्या रोगात बघितलाय. २०२० च्या पावसाळ्यात रावेर-यावलच्या कोवळ्या बागांत कुकुंबर मोझॅक व्हायरस पसरला. इकडे त्याला ‘हरण्या’ म्हणतात. मावा कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. एकदा लागला की औषध नाही, झाड उपटून लांब नेऊन नष्ट करायचं. उसनवारी करून आणलेली, पोटच्या पोरासारखी जपलेली रोपं लोकांनी स्वतःच्या हातानं उपटली. सगळी रोपं सारखी, त्यामुळे ‘हे झाड तरी तग धरेल’ अशी आशाही कुणाला ठेवता येईना.

यात टिश्यू कल्चरला व्हिलन करायची गरज नाही. मुनवे लावतानाही क्लोनच होता. उलट चांगल्या लॅबमध्ये मातृवृक्षाची व्हायरस टेस्ट होते आणि बाटलीत मातीच नसल्यामुळे बुरशी सोबत येत नाही. शेजारच्या बागेतून उचललेल्या मुनव्याला असलं सर्टिफिकेट नसतं. पण टेस्ट न करताच रोपं विकली, तर तीच बाटली रोगाची झेरॉक्स काढते. मशिन चांगलं की वाईट, हे त्यात काय घालता यावर ठरतं.

शेवटी बीच आठवलं

आता स्टोरीतला ट्विस्ट. ज्या बिया माणसानं सात हजार वर्षं खपून केळ्यातून हाकलल्या, त्यांच्याच दारात आज शास्त्रज्ञ उभे आहेत.

कारण नवं वाण तयार करायचं तर बी लागतं. आई-बापाचे गुण मिसळल्याशिवाय नवं काही जन्मत नाही. होंडुरासमधल्या एफएचआयए या संस्थेत लोकांनी हजारो केळफुलांवर हातानं पराग लावला, मग पिकलेल्या केळ्यांचा ढीगच्या ढीग गर चाळण्यांतून गाळला. कशासाठी? चुकून राहिलेल्या मूठभर बियांसाठी! आणि ऑस्ट्रेलियात प्राध्यापक जेम्स डेल यांच्या टीमनं जंगली, बियाळ केळीतला एक जीन कॅव्हेंडिशमध्ये घातला. टीआरफोरला दाद न देणारी ही ‘क्यूकॅव्ह-४’ केळी पिकवायला आणि खायला तिथल्या सरकारी यंत्रणेनं फेब्रुवारी २०२४ मध्ये परवानगी दिली. ती लगेच दुकानात येणार नाही. वेळ आली तर हाताशी असावी, म्हणून ती तयार ठेवलीय. स्टेपनीसारखी.

म्हणजे संकटात केळीला वाचवणारा गुण कुठे होता? ज्या फळाकडे माकडांशिवाय कुणी बघत नाही, त्या बियाळ रानकेळ्यात. म्हणूनच बेल्जियममधल्या लूव्हन विद्यापीठात जगभरातल्या केळींचे दीड हजारांहून जास्त नमुने टेस्ट ट्यूबमध्ये जपून ठेवलेत. आपल्याकडे तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र आहे. तिथेही जुन्या वाणांचा आणि जंगली नातेवाइकांचा संग्रह आहे. बँकेत एफडी असते तशी ही केळीची एफडी. मोडायची वेळ येऊ नये, पण असायलाच हवी.

मग आपण काय करायचं?

टेन्शन घेऊन केळी खाणं सोडू नका. टीआरफोर केळीला मारते, केळं खाणाऱ्याला काही करत नाही. पण तीन गोष्टी कुणालाही जमतील.

एक, गावी बागेत गेलात, कांदेबागेत फोटो काढलेत, छान. पण एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना बुटांची माती धुवा. आणि ‘बिहारहून मस्त मुनवा आणलाय’ असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि मुनवा परत पाठवा. भाऊ रागावले तर त्यांना ही स्टोरी वाचायला द्या.

दोन, घरी केळीची बाग असेल, तर पुढच्या वेळी बाबांना-काकांना फोनवर नुसतं ‘भाव काय चाललाय?’ एवढंच विचारू नका. रोपं कुठून घेतली, व्हायरस टेस्टचा कागद मिळाला का, हेही विचारा. एमबीए केलेल्या पोरानं एवढं विचारलं तर घरचे चिडणार नाहीत. झालंच तर दोन मिनिटं आश्चर्य करतील.

तीन, कधीतरी वेगळं केळं घ्या. वेलची, राजेळी, लाल केळं, जे मिळेल ते. ते रोगमुक्त असतं असं नाही. जुनी पनामा बुरशी यांतल्याही काहींना सोडत नाही. पण हातगाडीवर दहा वाणं विकली गेली, तरच शेतात दहा वाणं लावायला कुणी धजावेल. शेतकऱ्याला एकाच क्लोनवर डाव लावायला भाग पाडतो तो बाजार, आणि बाजार म्हणजे दुसरं कोण? एकसारखं पिवळं, एकही डाग नसलेलं केळं मागणारे आपणच.

तेव्हा आता केळं खाताना मधल्या त्या काळपट ठिपक्यांकडे एकदा नीट बघा. आपल्याला गरज नाही म्हणून माणसानं ज्यांना रिटायर केलं, त्यांनाच पुन्हा कामावर बोलवायची वेळ आलीय.

पुढच्या आठवड्यात: मे महिन्यात जळगावात कूलर झकास गार हवा फेकतो, मग तोच कूलर मुंबईला नेला की नुसता घाम का फोडतो? तुमचं लॉजिक आधी लावून ठेवा. भेटूच!